अंकुरलेले वारूळ

झाडावर वाढणारे झाड म्हटले की आपल्याला आधी बांडगूळ आठवते. आंब्याच्या फांदीत मुळे रुतवून ते त्याच्याच रसावर पोसते. पण झाडावर राहणारी प्रत्येक वनस्पती अशी परजीवी नसते. सह्याद्रीत आणि कोकणात झाडांच्या फांद्यांवर फुलणाऱ्या आमरी घ्या. त्या झाडाचा आधार तेवढा घेतात, अन्न स्वतः तयार करतात. अशा वनस्पतींना आपण अपिवनस्पती म्हणतो. उंचावर बसल्यामुळे त्यांना ऊन मिळते, पण पायाखाली माती नसते. प्रकाशसंश्लेषणाने साखर तयार करता येईल. नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक ही द्रव्ये आणायची कोठून? पावसाचे पाणी, उडून आलेली धूळ आणि सालीच्या भेगांत कुजलेला पालापाचोळा, एवढ्यावर त्यांना भागवावे लागते.

आग्नेय आशियापासून न्यू गिनी आणि फिजीपर्यंतच्या जंगलांत काही अपिवनस्पतींनी ही अडचण मुंग्यांच्या मदतीने सोडवली आहे. त्या मुंग्यांना घर देतात आणि मुंग्यांच्या कचऱ्यातून खत मिळवतात. आज हे आपण एका वाक्यात सांगतो. पाठ्यपुस्तकात ‘सहजीवन’ या शब्दापुढच्या उदाहरणांत ते एका ओळीत बसेल. ती ओळ खात्रीने लिहिता येण्यासाठी मात्र सुमारे तीनशे वर्षे लागली. या काळात एकाने काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, पण त्याचे निरीक्षण मोलाचे होते. दुसऱ्याने प्रयोग अगदी बिनचूक केला, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकला नाही. वर्गात विज्ञान शिकवताना आपण नेमका हाच भाग गाळतो. म्हणून ही हकीकत थोडी सविस्तर पाहू या.

वनस्पतीची ओळख

आपल्या कथेतल्या मुख्य वनस्पती दोन: मिर्मेकोडिया आणि हिड्नोफायटम. दोन्ही रुबिएसी कुळातल्या, म्हणजे कॉफी, कदंब आणि मंजिष्ठा यांच्या भाऊबंद. फांदीला चिकटलेला एक मोठा फुगीर गड्डा, त्यातून निघालेली आखूड जाड खोडे, जाडसर पाने, बारीक पांढरी फुले आणि लहान गरदार फळे, असे त्यांचे सर्वसाधारण रूप. मिर्मेकोडियाचा गड्डा बहुधा काटेरी असतो.

हा गड्डा म्हणजे मूळ नव्हे. रोपाच्या बीजपत्रांखाली जो देठ असतो, ज्याला अधराक्ष म्हणतात, तो फुगून गड्डा तयार होतो. तो उभा कापला तर आत बोगद्यांचे आणि दालनांचे जाळे दिसते. बाहेरून आत जायला छिद्रे असतात आणि त्यांतून मुंग्यांची सारखी ये-जा चालू असते. गड्ड्याला धक्का लागला तर त्या धावून बाहेर येतात.

हे पाहणाऱ्याच्या मनात लगेच दोन प्रश्न येतात. हे घर बांधले कोणी? आणि त्यात फायदा कोणाचा? हे दोन प्रश्न वेगळे आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढचा सगळा गोंधळ ते एकच समजल्यामुळे झाला.

अंध निसर्गतज्ज्ञाचे निरीक्षण

या वनस्पतींचे पहिले सविस्तर वर्णन गेओर्ग एबरहार्ड रुम्फियस याने केले. हा मूळचा जर्मन. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर आला आणि आयुष्यभर तेथेच राहिला. फावल्या वेळात त्याने बेटावरच्या वनस्पतींची नोंद सुरू केली. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. १६७४ च्या भूकंपात पत्नी आणि मुलगी दगावली. १६८७ च्या आगीत ग्रंथासाठी काढलेली चित्रे जळाली. ती पुन्हा काढवून हस्तलिखित युरोपला पाठवले, तर १६९२ मध्ये ते नेणारे जहाज बुडाले. सुदैवाने एक प्रत मागे ठेवलेली होती. रुम्फियस १७०२ मध्ये वारला आणि ‘हर्बेरियम अंबोइनेन्से’ हा त्याचा ग्रंथ १७४१ पासून खंडशः प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथात या वनस्पतींना रुम्फियसने दिलेल्या लॅटिन नावांचा अर्थ होतो ‘मुंग्यांचे अंकुरलेले वारूळ’. त्यातही त्याने दोन प्रकार केले: एक लाल मुंग्यांचे, दुसरे काळ्या मुंग्यांचे. त्याच्या समजुतीप्रमाणे ही वनस्पती बीजापासून येत नसून मुंग्यांच्या घरट्यातूनच उगवत होती.

आज हे वाचून हसू येईल, पण तो काळ लक्षात घ्यायला हवा. सडलेल्या मांसात अळ्या आपोआप निर्माण होतात, हा समज खोडून काढणारा फ्रान्चेस्को रेडीचा प्रयोग १६६८ चा. निर्जीवातून सजीव निर्माण होतो ही कल्पना तेव्हा पुष्कळ विद्वानांनाही मान्य होती. शिवाय रुम्फियसचे निरीक्षण खरे होते. वनस्पती तेथे मुंग्या, आणि ठरावीक प्रकारच्या वनस्पतीत ठरावीक प्रकारच्या मुंग्या, हे त्याने अचूक टिपले. वनस्पती आणि घरटे या दोन वस्तू एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, असे त्याला दिसले. तसेच त्याने लिहून ठेवले.

या वनस्पतींना आजची शास्त्रीय नावे दिली विल्यम जॅक या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने. सुमात्रात काम करणारा हा तरुण १८२२ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी मरण पावला. त्याचे वर्णन १८२३ मध्ये छापून आले. फुले आणि फळे तपासून त्याने या वनस्पतींना रीतसर कुळात बसवले. घरट्यातून उगवणारी वनस्पती इतर वनस्पतींसारखी वनस्पती ठरली. मुंग्यांचे कोडे मात्र तसेच राहिले.

पहारेकऱ्यांचा काळ

१८५९ मध्ये डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ आला आणि अशा कोड्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. एखाद्या सजीवाच्या अंगी दुसऱ्याच्या सोयीचा अवयव असेल, तर त्यात त्याचाही काही लाभ असला पाहिजे, असा विचार सुरू झाला. १८७४ मध्ये टॉमस बेल्ट या खाण अभियंत्याने निकाराग्वातील निसर्गाबद्दल पुस्तक लिहिले. त्यात बाभळीच्या जातकुळीतल्या एका झाडाची हकीकत आहे. त्याच्या पोकळ काट्यांत मुंग्या राहतात, झाड त्यांना मधुरस आणि खाद्यकण पुरवते आणि त्या झाडाचे पाने खाणाऱ्यांपासून रक्षण करतात. मुंग्या म्हणजे झाडाचे पहारेकरी, ही कल्पना शास्त्रज्ञांच्या मनात पक्की बसली. पुढे आशियातल्या अपिवनस्पतींकडे पाहतानाही ते पहारेकरीच शोधू लागले.

याच सुमारास हेन्री फोर्ब्स हा स्कॉटिश निसर्गतज्ज्ञ जावात हिंडत होता. पांगाऱ्याच्या जातीच्या एका झाडावरून आमरी ओढून काढताना त्याच्या अंगावर बारीक मुंग्यांची झुंबड उठली. त्या इतक्या कडकडून चावल्या, की त्याला कपडे काढून पळावे लागले. आमरींच्या त्या गुंत्यात मिर्मेकोडिया होती. फोर्ब्सने मग तिची रोपे वाढवून पाहिली आणि त्याला आढळले, की मुंग्या नसतानाही गड्ड्यात पोकळी तयार होते.

बेकारी आणि ट्रॉइब

फोर्ब्सच्या या निरीक्षणाला पक्का पाया दिला मेल्कियॉर ट्रॉइब या डच शास्त्रज्ञाने. जावातील बुइटेनझोर्ग, म्हणजे आजचे बोगोर, येथील वनस्पती उद्यानाचा तो १८८० पासून संचालक होता. त्याच्या विरुद्ध बाजूला होता ओदोआर्दो बेकारी हा इटालियन प्रवासी वनस्पतिशास्त्रज्ञ. सारावाक आणि न्यू गिनीत त्याने वर्षानुवर्षे घालवली होती. सुमात्रातील प्रचंड फुलोऱ्याचा टायटन सुरण जगापुढे आणला तो यानेच. मुंग्यांच्या चाव्यांनी रोपाचा देठ डिवचला जातो आणि म्हणून तो फुगतो, असे बेकारीचे सुरुवातीचे मत होते. झाडांच्या पानांवर किड्यांमुळे गाठी येतात, तशातला हा प्रकार.

ट्रॉइबने बीपासून मिर्मेकोडियाची रोपे वाढवली, त्यांना मुंग्यांपासून दूर ठेवले आणि वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर देठाचे काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रोप लहान असतानाच अधराक्ष फुगू लागे. त्याच्या आत एका ठरावीक जागी बुचाच्या पेशी तयार करणारा थर उगवे. या थराने वेढलेला आतला भाग हळूहळू वाळून जाई आणि तेथे पोकळी पडे. मग तिचे तोंड बाहेर उघडे. या सगळ्यात मुंगीचे एक पाऊलही पडलेले नसे. १८८३ मध्ये त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

घर बांधले कोणी, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले: वनस्पतीनेच. हे उत्तर आजही अबाधित आहे. पण ट्रॉइब एवढ्यावर थांबला नाही. मुंग्यांवाचून दालने होतात, त्या अर्थी ती मुंग्यांसाठी नसावीत, असे त्याला वाटले. गड्ड्याच्या आत हवा खेळती राहावी यासाठी ती असतील. मुंग्या केवळ आयत्या घरात शिरलेले भाडेकरू, तेही भाडे न देणारे, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता.

बेकारीने आपल्या ‘मालेसिया’ या ग्रंथाच्या १८८४ ते १८८६ या काळात निघालेल्या दुसऱ्या खंडात वेगळी मांडणी केली. आज मुंग्या नसतानाही पोकळी होत असेल; पण पूर्वी ती त्यांच्याच डिवचण्याने होत असे आणि पिढ्यान् पिढ्या घडलेला तो परिणाम आता आनुवंशिक झाला आहे, असे तो म्हणू लागला. आयुष्यात झालेला बदल अशा रीतीने संततीत उतरतो, हे आज आपण मानत नाही. त्या काळी मात्र हा विचार प्रचलित होता.

ट्रॉइबच्या तर्कात अडचण कोठे आहे, हे विद्यार्थ्यांना विचारण्यासारखे आहे. एक उदाहरण घेऊ. मुलाचे डोळे आईच्या पोटात, अंधारात तयार होतात. त्यांच्या घडणीला प्रकाश लागत नाही. म्हणून डोळे पाहण्यासाठी नाहीत, असे आपण म्हणू का? अवयव कसा घडतो हा एक प्रश्न. तो पिढ्यान् पिढ्या का टिकून राहिला हा दुसरा. पहिल्याचे उत्तर रोप वाढवून मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळवायचे तर मुंग्या असलेल्या वनस्पतीला काय जास्त मिळते, ते मोजावे लागते. ट्रॉइबने ते मोजले नव्हते.

भिंतींवरचे खडबडीत फोड

पुढचा धागा १९११ मध्ये हुगो मीहे या जर्मन शास्त्रज्ञाच्या हाती आला. जावात काम करताना त्याने गड्ड्यातल्या भिंतींकडे नीट पाहिले. सगळ्या भिंती सारख्या नव्हत्या. काही दालने गुळगुळीत होती आणि त्यांत मुंग्या आपली पिल्ले वाढवत. काही दालनांच्या भिंती काळपट असून त्यांवर बारीक फोडांसारखे उंचवटे होते. विष्ठा मुंग्या या खडबडीत दालनांत टाकत आणि तेथे बुरशी वाढलेली असे. घरात माजघर वेगळे आणि उकिरडा वेगळा असावा, तसा हा प्रकार. ते फोड उकिरड्यातली द्रव्ये शोषून घेत असावेत, असा अंदाज मीहेने केला.

अंदाज योग्य होता, पण सिद्ध कसा करायचा? वनस्पतीत सापडलेला फॉस्फरस मुंग्यांकडून आला की पावसाच्या पाण्यातून, हे त्याच्यावर लिहिलेले नसते. सगळे अणू सारखेच. अणूंना खूण करण्याची सोय दुसऱ्या महायुद्धानंतर झाली, तेव्हा किरणोत्सारी समस्थानिके प्रयोगशाळांना सहज मिळू लागली.

त्याआधी प्रश्नही नीट मांडला जाणे आवश्यक होते. ते काम डॅनियल जॅन्झन या अमेरिकन शास्त्रज्ञाने केले. बेल्टच्या बाभळींवरील मुंग्या खरोखर पहारा देतात, हे त्यानेच १९६६ मध्ये प्रयोगाने दाखवले होते. काही झाडांवरच्या मुंग्या काढून टाकल्या, की ती झाडे कीटक आणि वेली यांच्यापुढे टिकत नसत. तोच जॅन्झन सारावाकमध्ये गेला तेव्हा त्याला वेगळेच चित्र दिसले. तेथल्या पांढऱ्या वाळूच्या, अत्यंत निकस जमिनीवरच्या विरळ जंगलात मुंग्यांना आसरा देणाऱ्या अपिवनस्पती दाटीने होत्या. त्यांतल्या मुंग्या पहारेकरी म्हणून मात्र फारशा कामाच्या नव्हत्या. त्या जंगलातून मेलेले कीटक गोळा करून आणत आणि उरलेसुरले दालनांत टाकत. मुंग्या वनस्पतीचे रक्षण करत नसून तिला खाऊ घालतात, असे त्याने १९७४ मध्ये मांडले.

१९७८ मध्ये कॅमिला हक्स्ली यांचा न्यू गिनीतल्या मिर्मेकोडिया आणि हिड्नोफायटमवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. किरणोत्सारी खुणेचा फॉस्फरस आणि गंधक वापरून त्यांनी दाखवले, की फोडांच्या भिंती ही द्रव्ये शोषून घेतात. पुढच्याच वर्षी रिक्सन या शास्त्रज्ञाने खुणेचा कार्बन वापरला. मुंग्यांनी आत आणलेल्या प्राणिज अन्नातला कार्बन हिड्नोफायटमच्या ऊतींत सापडला. मीहेच्या अंदाजाला सुमारे ६७ वर्षांनी पुरावा मिळाला. भाडेकरू भाडे देत होते, ते कचऱ्याच्या रूपाने.

श्वासाचाही हिशोब

१९९५ मध्ये ‘नेचर’मध्ये आणखी एक हिशोब प्रसिद्ध झाला. ट्रेसेडर, डेव्हिडसन आणि एलरिंगर यांनी डिस्किडिया मेजर ही अपिवनस्पती अभ्यासली होती. ही रुईच्या कुळातली वेल. तिची काही पाने पिशवीसारखी पोकळ होतात, त्यांत मुंग्या राहतात आणि वेल आपली मुळे त्याच पिशवीत सोडते. कार्बन आणि नायट्रोजन यांच्या स्थिर समस्थानिकांचे प्रमाण मोजून त्यांनी अंदाज काढला, की वेलीतला सुमारे २९ टक्के नायट्रोजन मुंग्यांनी टाकलेल्या पदार्थांतून येतो. त्याहून नवलाची गोष्ट कार्बनची होती. पिशवीच्या आतल्या बाजूलाही पर्णरंध्रे असतात. मुंग्या श्वासावाटे जो कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो वेल तेथून घेते. पानांतला सुमारे ३९ टक्के कार्बन असा मुंग्यांच्या श्वासातून आलेला होता.

वारूळ खरेच अंकुरते

२०१६ मध्ये गिओम शोमिकी आणि सुझान रेनर यांनी फिजी बेटांवरची हकीकत मांडली. तेथे मिर्मेकोडियाच्याच नात्यातली स्क्वामेलारिया ही अपिवनस्पती आहे. फिलिड्रिस नागासाऊ ही मुंगी तिच्या सहा जातींची चक्क लागवड करते. मुंग्या फळांतून बिया गोळा करतात आणि झाडाच्या सालीच्या भेगांत नेऊन पेरतात. रोपाचा देठ फुगून त्यात पहिली इवलीशी पोकळी झाली, की कामकरी मुंग्या आत जाऊन विष्ठा टाकतात. तेव्हा ती जागा राहण्यापुरतीही नसते, म्हणजे हे निव्वळ खत घालणे झाले. रोप मोठे झाले की त्यातच मुंग्यांची वसाहत पसरते. या मुंग्या दुसरीकडे घर करत नाहीत आणि या सहा जाती मुंग्यांवाचून तग धरत नाहीत. ही भागीदारी सुमारे ३० लाख वर्षांची असावी, असा त्यांचा अंदाज आहे.

आता रुम्फियसच्या नावाकडे पुन्हा पाहा. वनस्पती मुंग्यांच्या शरीरातून किंवा मातीतून आपोआप निर्माण होत नाही, हे खरे. पण फिजीत तरी मुंग्यांच्या वसाहतीतून नवी रोपे उगवतात, कारण बिया मुंग्याच पेरतात. त्याचे स्पष्टीकरण चुकले, पाहणे चुकले नव्हते.

आपल्याजवळचे उदाहरण

असा शोध घेण्यासाठी फिजीलाच जायला हवे असे नाही. पश्चिम घाटाच्या कर्नाटक-केरळातल्या भागात हंबोल्टिया ब्रुनोनिस हे लहान झाड आढळते. ते अपिवनस्पती नाही, जमिनीत वाढते. पण त्याच्या काही फांद्यांची पेरे पोकळ असून त्यांना आपोआप छिद्र पडते. आत मुंग्यांच्या अनेक जाती राहतात, क्वचित एक गांडूळही राहते. यांतल्या बहुतेक मुंग्या झाडाचे रक्षण करत नाहीत, म्हणून त्यांना फुकटे समजले जाई. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रेने बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये स्थिर समस्थानिकांच्या साहाय्याने दाखवले, की या ‘फुकट्यां’कडूनही झाडाला नायट्रोजन मिळतो.

शाळेत समस्थानिके नसतात, पण प्रश्न विचारता येतात. एरंडाच्या पानाच्या देठावर किंवा कापसाच्या पानाखालच्या मुख्य शिरेवर मधुरस स्रवणाऱ्या ग्रंथी असतात आणि त्यांवर मुंग्या येतात. मुलांना त्या दाखवाव्यात. आठ-दहा रोपे घ्यावीत. निम्म्या रोपांच्या बुंध्याला ग्रीसचे कडे करून मुंग्यांची वाट अडवावी. रोप शेजारच्या फांदीला किंवा भिंतीला टेकत नाही ना, तेही पाहावे, नाहीतर मुंग्या तेथून चढतील. दर आठवड्याला कुरतडलेली पाने मोजून तक्त्यात लिहावीत.

समजा, दोन महिन्यांनंतर दोन्ही गटांत काहीच फरक दिसला नाही. काही मुले म्हणतील, ‘म्हणजे एरंडाला मुंग्यांचा काही उपयोग नाही.’ तेव्हा त्यांना ट्रॉइबची हकीकत सांगावी आणि विचारावे: आपण नेमके काय मोजले? काय मोजले नाही? या दोन महिन्यांत पाने खाणारे किडे आलेच नसतील तर? मुलांनी या प्रश्नांची उत्तरे तक्त्याखाली लिहावीत आणि पुढच्या हंगामात प्रयोग कसा बदलायचा तेही त्यांनीच ठरवावे.